फसवा मेल ओळखण्यापासून १९३० ला फोन लावण्यापर्यंत: सोलापूरकरांसाठी क्रमवार मार्गदर्शन

टॉवेल-चादरीचा कारखानदार असो, युनिफॉर्म शिवून आखातात पाठवणारा असो, नव्या पेठेतला दुकानदार असो, पुण्यात नोकरी शोधणारी विद्यापीठातली मुलं असोत की निवृत्त गुरुजी, सोलापुरात आता प्रत्येकाचं काही ना काही काम मेलवर अडलेलं असतं. मेल उघडून देणारे पुष्कळ भेटतात. तो वाचायचा कसा, हे मात्र कुणी शिकवत नाही.

मी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब आणि परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार बघतो. फसव्या मेलमुळे गेलेल्या पैशांसाठी बँक, पोर्टल, सायबर पोलीस अशी सगळी धावपळ मी केली आहे. आधी काय करायचं, नंतर काय, कुठला कागद कुठे लागतो, हे तेव्हा एका जागी सांगणारं कुणी नव्हतं. नव्याने मेल वापरू लागलेल्यांची ती वणवण वाचावी म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. मेलमध्ये जी मागणी केली आहे, तिची खात्री त्याच मेलने दाखवलेल्या वाटेने कधीही करू नका. मेलमधली लिंक, मेलमधला फोन नंबर आणि त्या मेलला दिलेलं उत्तर, या तिन्ही वाटा पाठवणाऱ्याकडेच जातात. खात्री करायची ती आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, आधीपासून माहीत असलेल्या साइटवर किंवा समोर जाऊन.

१. आधी एवढी तयारी करून ठेवा

ही तयारी निवांत वेळी करा. गडबडीत यातलं काहीच सुचत नाही.

- एका कागदावर नंबर लिहून टेबलाजवळ लावा: बँकेचा कस्टमर केअर (एटीएम कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा), शाखेचा फोन, सीए, नेहमीचे सूतवाले, ट्रान्सपोर्टवाले आणि सायबर हेल्पलाइन १९३०.
- व्यापाऱ्यांचे नंबर जुन्या बिलांवरून उतरवा. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून घेऊ नका, तिथे खोटे नंबर मुद्दाम पेरून ठेवलेले असतात.
- आयकर, जीएसटी, बँक अशा रोजच्या साइट ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा.
- मेल खात्यात तुमचा चालू मोबाइल नंबर आणि एक पर्यायी मेल पत्ता टाकलेला आहे का, ते बघा. जुनं सिम बंद झालेलं असतं आणि खात्यात मात्र तोच नंबर राहिलेला असतो, हे फार ठिकाणी दिसतं.

२. वरचं नाव सोडा, पत्ता वाचा

मेलच्या वर जाड अक्षरांत जे नाव दिसतं ते पाठवणारा स्वतः टाकतो. पाकिटाच्या मागे कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसंच ते असतं. तिथे 'आयकर विभाग' लिहिलेलं असलं म्हणून मेल आयकर विभागाचा होत नाही.

मोबाइलवरच्या जीमेलमध्ये नावाखाली 'टू मी' असं दिसतं. त्याच्या शेजारचा छोटा बाण दाबला की पूर्ण पत्ता उघडतो. त्यातला 'ॲट'च्या चिन्हानंतरचा भाग नीट वाचा. बँकेचा म्हणून आलेला मेल साध्या जीमेल किंवा आउटलुकच्या पत्त्यावरून आला असेल, तर पुढे वाचायची गरजच नाही.

खरी अडचण मिळत्याजुळत्या पत्त्यांची आहे. इंग्रजी 'आर' आणि 'एन' ही छोटी अक्षरं एकमेकांना खेटून लिहिली की 'एम' वाटतं. 'ओ'च्या जागी शून्य बसवतात, 'एल'च्या जागी एक. एखादं अक्षर वाढवतात किंवा गाळतात, मध्येच एक आडवी रेघ घालतात. मोबाइलच्या लहान पडद्यावर हे सहज सुटतं. म्हणून पैशाचा विषय असेल तेव्हा पत्ता कॉम्प्युटरवर मोठा करून, जुन्या खऱ्या मेलमधल्या पत्त्याशेजारी ठेवून, अक्षर-अक्षर ताडून बघा.

कॉम्प्युटरवर जीमेल असेल तर मेलच्या उजव्या बाजूच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' हा पर्याय मिळतो. तिथे वरच एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतात. मेल खरंच त्या पत्त्यावरून आला का, याच्या त्या तपासण्या. त्यात 'फेल' दिसलं तर मेल संशयास्पद समजा. तिन्ही ठिकाणी 'पास' दिसलं तरी निर्धास्त होऊ नका. मेल खरोखर त्या पत्त्याच्या डोमेनवरून (म्हणजे 'ॲट'नंतरच्या नावावरून) निघाला, एवढंच त्यावरून कळतं. चोराने स्वतःचं डोमेन विकत घेतलं असेल, किंवा तुमच्या व्यापाऱ्याचा खरा मेलबॉक्सच चोराच्या हातात असेल, तरी तिथे 'पास'च येतं.

३. लिंक दाबण्याआधी ती वाचायला शिका

निळ्या बटणावर काय लिहिलं आहे आणि ते दाबल्यावर कुठे जातं, या दोन वेगळ्या गोष्टी. कॉम्प्युटरवर बटणावर नुसता बाण न्या, क्लिक करू नका. खाली डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. मोबाइलवर लिंक दाबून धरली की पत्ता दिसतो.

पत्ता वाचायची रीत अशी. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते ती शोधा. तिच्या लगेच डावीकडचा तुकडा म्हणजे साइटचा खरा मालक. समजा पत्त्यात आधी तुमच्या बँकेचं नाव आहे, मग टिंब, मग 'केवायसी-अपडेट डॉट कॉम' आणि मग रेघ. ती साइट बँकेची नाही, 'केवायसी-अपडेट डॉट कॉम' नावाच्या कुणाची तरी आहे. सुरुवातीचं बँकेचं नाव नुसतं डोळ्यांना दिसावं म्हणून चिकटवलेलं असतं.

आपल्याकडे दोन शेवट ओळखून ठेवण्यासारखे आहेत. बहुतेक सरकारी साइट 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' अशा संपतात. आणि रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपल्या साइट ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या शेवटावर नेण्यास सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. 'बँक-इन डॉट कॉम' असलं काही दिसलं तर तो फसवायचाच प्रकार आहे.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर भरवसा ठेवू नका. तुम्ही टाइप केलेलं मधल्या मध्ये कुणी वाचणार नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे चोर बसला असेल तर तो ते वाचणारच. मेलमध्ये आलेला क्यूआर कोड हीसुद्धा लिंकच असते, फक्त डोळ्यांनी वाचता न येणारी. तो स्कॅन करू नका.

४. अटॅचमेंट

पीडीएफ दिसली म्हणजे निर्धोक, असं नाही. बऱ्याचदा आत एकच मोठं बटण असतं, 'कागदपत्र बघण्यासाठी लॉगिन करा', आणि ते तुमचा मेल पासवर्ड मागतं. पासवर्ड लावलेली झिप, 'एचटीएमएल' फाइल, 'एक्सई' (कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवणारी) आणि 'एपीके' (मोबाइलवर ॲप बसवणारी) फाइल अनोळखी मेलमधून कधीच उघडू नका. एपीके तर हल्ली व्हॉट्सॲपवर वाहनाच्या चलनाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने फिरते. ती फोनमध्ये बसली की तुमचे ओटीपीचे मेसेज परस्पर वाचू शकते. एक्सेल उघडल्यावर वर पिवळी पट्टी येऊन 'एनेबल कंटेंट' म्हणत असेल, तर ते दाबू नका.

५. मागणी काय आहे ते बघा

पूर्वी फसव्या मेलचं इंग्रजी मोडकं असायचं आणि तेवढ्यावरून तो पकडता यायचा. आता तसं राहिलं नाही. शुद्ध मराठीतले, नावानिशी आलेले फसवे मेल मी वाचले आहेत. त्यामुळे भाषा सोडा आणि मेल तुमच्याकडून नक्की काय करून घेऊ पाहतो, ते शोधा. जवळपास प्रत्येक वेळी तीनपैकी एक गोष्ट निघते: पासवर्ड किंवा ओटीपी, पैसे, किंवा एखादी फाइल उघडणं. सोबत घाई असते, भीती असते, आणि 'कुणाला सांगू नका' असंही बजावलेलं असतं. नेहमी दिसणारे प्रकार असे.

आयकराचा परतावा. 'तुमचा परतावा मंजूर झाला, इथे खातं भरा.' खरा परतावा तुम्ही पोर्टलवर आधीच पडताळून दिलेल्या खात्यात आपोआप जमा होतो. त्यासाठी विभाग मेलवरून पिन, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर मागत नाही. नोटीस आली असेल तर तिच्यावरचा डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक, बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर विभागाच्या पत्रांवर तो असतो. आयकराच्या ई-फायलिंग साइटवर लॉगिन न करताही नोटीस खरी की खोटी ते तपासायची सोय आहे. जीएसटीची नोटीस असेल तर स्वतः पोर्टलवर लॉगिन करून नोटिसांचा भाग उघडा. तिथे नसेल तर सीएला विचारा, मेलमधल्या नंबरला नको.

पोलिसांचं, सीबीआयचं पत्र. राजमुद्रा, शिक्के, खाली मोठ्या अधिकाऱ्याची सही, आणि 'तुम्ही अश्लील साइट बघितल्या, २४ तासांत उत्तर द्या नाहीतर अटक'. हे वाचून घरातली वयस्कर माणसं जेवण सोडून बसतात. त्यांना शांतपणे सांगा की अटक मेलवर होत नाही, आणि 'डिजिटल अरेस्ट' नावाची कुठलीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. याच जातीचा दुसरा मेल म्हणजे 'तुमच्या कॅमेऱ्यातून व्हिडिओ काढला आहे, बिटकॉइन पाठवा'. त्यात तुमचा एखादा जुना खरा पासवर्ड लिहिलेला असतो, म्हणून माणूस हादरतो. तो पासवर्ड कधीकाळी फुटलेल्या एखाद्या साइटच्या यादीतून उचललेला असतो. तो अजून कुठे वापरात असेल तर तेवढा बदला. उत्तर देऊ नका, पैसे तर मुळीच पाठवू नका.

नोकरीचं पत्र. हा प्रकार मला सगळ्यात जास्त लागतो, कारण यात पैसे जातात ते पहिल्या नोकरीची वाट बघणाऱ्या घरांचे. नामांकित कंपनीच्या लेटरहेडवर ऑफर येते आणि मग लॅपटॉपसाठी, ट्रेनिंगसाठी 'परत मिळणारी' अनामत मागतात. नोकरी देणारा पैसे मागत नाही. ऑफर आली की कंपनीची साइट स्वतः उघडून तिथल्या करिअरच्या पानावर ती जागा आहे का, ते बघा. आधार पाठवावंच लागलं तर मास्क्ड आधार पाठवा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या साइटवरून मिळतं. 'तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन कापून पुढे पाठवा' असं काम कुणी देत असेल तर ते चोरीचे पैसे असतात. खातं गोठवलं जातं आणि चौकशीत नाव तुमचं येतं. भावाला, मित्राला, कुणालाही खातं वापरायला देऊ नका.

६. 'आमचं बँक खातं बदललं आहे': व्यापाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा

आपल्या गावात जो माल बाहेर पाठवतो किंवा बाहेरून मागवतो, त्याला सगळ्यात मोठा फटका या एका मेलचा बसतो. आमच्या कामात हे घडलं, म्हणून सविस्तर सांगतो.

परदेशी गिऱ्हाइकाची ऑर्डर होती: ३० बाय ६० इंची, ४५० जीएसएमचे (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) टॉवेल. काही रक्कम आगाऊ, उरलेली बीएलची (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती) कॉपी मिळाल्यावर. कंटेनर न्हावा-शेव्याहून निघाला, बीएलची कॉपी मेल झाली, आणि दुसऱ्याच दिवशी त्या गिऱ्हाइकाला 'आमच्याकडून' मेल गेला. विषयाची ओळ तीच. खाली जुन्या मेलची सगळी माळ जशीच्या तशी. पीआयचा (प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे ऑर्डरच्या आधीचं कच्चं बिल) नंबर, साइज, रक्कम, सगळं बरोबर. बदललं होतं फक्त बँकेचं नाव, खातं आणि स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारातला बँकेचा ओळख कोड). कारण दिलं होतं की नेहमीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात आमच्या नावातलं शेवटचं एक अक्षर गळलेलं होतं. इन्व्हॉइस मोठा करून बघितला तर बँकेच्या तपशिलाची अक्षरं बाकी मजकुरापेक्षा किंचित जाड होती, आणि खातं आमच्या फर्मच्या नावावर नव्हतंच. गिऱ्हाइकाने पैसे भरले. त्यांच्या बँकेला कळेपर्यंत रक्कम तिथून पुढे सरकली होती.

चोराला ही सगळी माहिती कुठून मिळाली? ऑफिसच्या मेलबॉक्समधूनच. त्याचा पासवर्ड दुसऱ्या एका साइटवरही तोच होता. चोर आत शिरला आणि काहीही न करता नुसता वाचत बसला, बीएल निघेपर्यंत. सेटिंगमध्ये एक फिल्टर सापडला: या गिऱ्हाइकाकडून आलेला प्रत्येक मेल 'वाचलेला' दाखवायचा, इनबॉक्समधून हटवायचा आणि बाहेरच्या एका पत्त्यावर पाठवायचा. गिऱ्हाइकाने 'खातं खरंच बदललं का?' असा मेल आम्हाला केला होता. तो कुणाच्या नजरेलाच पडला नाही.

यावर आम्ही लावलेले नियम:

- पीआय आणि इन्व्हॉइसवरच छापायचं की आमचं खातं मेलवरून बदलत नाही, बदल कळवला तर आधी फोन करा. नव्या गिऱ्हाइकाला हे पहिल्याच बोलण्यात सांगायचं.
- आपण ज्यांना पैसे देतो त्यांचं खातं बदलल्याचा मेल आला तर जुन्या बिलावरच्या नंबरला फोन करायचा आणि ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकायचा.
- नवं खातं जोडताना खातेदाराचं नाव बघायचं. एनईएफटी आणि आरटीजीएस करण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं, आणि तीही मोफत. नाव जुळत नसेल तर थांबायचं.
- मोठी रक्कम एकट्याने सोडायची नाही. एकाने भरायची, दुसऱ्याने मंजूर करायची.

यात मालकाने साथ द्यावी लागते. 'मालक, सूतवाल्या अण्णांचं खातं बदलल्याचा मेल आलाय, त्यांना जुन्या नंबरवर विचारतो आणि मग टाकतो' असं ऑफिसातल्या पोराने म्हटलं, तर त्याच्यावर खेकसू नका. दहा मिनिटांचा उशीर अण्णाही समजून घेतात. मालकाच्याच नावाने 'मीटिंगमध्ये आहे, फोन करू नको, लगेच पैसे पाठव' असा मेल येतो तेव्हाही पोराने तुम्हाला फोन करायला कचरू नये, असं वातावरण ठेवा.

७. मेलबॉक्स बंदिस्त करा

बँकेचे, पोर्टलचे पासवर्ड बदलायच्या लिंक मेलवरच येतात. म्हणून या एका खात्याला सगळ्यात पक्का पासवर्ड लावा: लांब, आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला. चार-पाच असंबद्ध शब्दांचा पासवर्ड लक्षातही राहतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. शक्य असेल तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन) वापरा. पासकीचा मोठा फायदा म्हणजे ती खोट्या साइटवर चालतच नाही.

जीमेलच्या सेटिंगमध्ये 'फिल्टर्स' आणि 'फॉरवर्डिंग' हे दोन भाग कॉम्प्युटरवर उघडून बघा. तुम्ही न केलेला नियम दिसला तर आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या, मग तो काढा. गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' भागात कोणकोणत्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर तुमचं खातं उघडं आहे ते दिसतं. अनोळखी असेल ते बाहेर काढा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवर ऑफिसचा मेल चालूच असतो, तोही इथेच सापडतो.

८. लिंक दाबली, पण पैसे अजून गेले नाहीत

नुसती लिंक दाबली आणि काही भरलं नाही, तर पान बंद करा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पासवर्ड टाकला असेल तर दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून लगेच बदला, 'सगळीकडून साइन आउट' करा आणि फिल्टर तपासा. कार्डाचा नंबर दिला असेल तर बँकेच्या ॲपमधून कार्ड ब्लॉक करा. एपीके बसवली असेल तर आधी इंटरनेट बंद करा, सिम काढा, बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा आणि मग फोन रीसेट करायला घ्या.

मेल डिलीट करू नका. जीमेलमध्ये 'रिपोर्ट फिशिंग' दाबा. फसवा फोन किंवा एसएमएस असेल तर संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाच्या भागात कळवता येतं.

९. पैसे गेले: पहिल्या तासात हे करा

आधी १९३० ला फोन करा. पोलीस ठाण्याकडे धावत सुटू नका, घरच्यांशी वाद घालत बसू नका, चोराला मेसेज करत बसू नका. १९३० वर तुमची तक्रार नोंदली की ती ज्या बँकेत पैसे गेले तिकडे जाते. पैसे तिथे असतील तर ते रोखले जातात. पुढच्या बँकेत गेले असतील तर तक्रार त्यांच्या मागे तिकडे जाते. चोर ती रक्कम तुकडे करून खात्याखात्यांतून फिरवतो आणि शेवटी रोख काढतो. रोख निघण्याआधी तक्रार पोहोचली, तरच काही हाती लागतं. लाइन व्यस्त असेल तर एकाने लावत राहावं आणि दुसऱ्याने तोवर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल उघडावं. त्याचा पत्ता 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'.

फोनवर विचारतात ते हाताशी ठेवा: तुमची बँक आणि खाते क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ, यूटीआर किंवा व्यवहार क्रमांक, आणि समोरच्याचं खातं किंवा यूपीआय आयडी. तक्रारीचा क्रमांक मिळतो तो लिहून घ्या. फोन केला म्हणजे काम संपलं असं समजून पुष्कळ जण थांबतात. फोननंतर २४ तासांच्या आत पोर्टलवर पूर्ण तक्रार भरावी लागते.

त्याच वेळी बँकेला कळवा. परदेशी व्यवहार असेल तर पैसे पाठवणाऱ्याने आपल्या बँकेकडून स्विफ्टवर रिकॉलची, म्हणजे पैसे परत बोलावण्याची, मागणी पाठवायला लावावी आणि आपल्या देशातल्या पोलिसांकडेही तक्रार करावी. इथून आपण कितीही पत्रं लिहिली तरी त्यांच्या बँकेला सूचना त्यांनीच द्यायची असते.

१०. पोलिसांकडे जाताना

सोलापुरात लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो. शहरात राहत असाल, म्हणजे सात रस्ता, जुळे सोलापूर, पूर्व भाग वगैरे, तर तुमची तक्रार शहर पोलीस आयुक्तालयाकडे जाते. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, करमाळा, मंगळवेढा या भागांतल्यांची सोलापूर ग्रामीण पोलिसांकडे. सायबरचं काम दोन्हीकडे वेगवेगळं चालतं. हद्दीवरून कुणी परत पाठवू लागलं तर 'झिरो एफआयआर' मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो.

सोबत न्यायचे कागद:

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र
- १९३० ची किंवा पोर्टलची तक्रार, क्रमांकासह
- बँकेचं स्टेटमेंट, गेलेल्या रकमेवर खूण करून
- फसव्या मेलची प्रिंट, आणि 'शो ओरिजिनल'मधून डाउनलोड केलेली मूळ फाइल पेनड्राइव्हवर
- खोट्या साइटचे, चॅटचे, फोन नंबरचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असे
- व्यापाराचं प्रकरण असेल तर खरा आणि खोटा असे दोन्ही इन्व्हॉइस, ऑर्डरचे मेल, स्विफ्ट कॉपी, फर्मची कागदपत्रं
- घडलं ते क्रमाने लिहिलेलं एक पान, मराठीत

मूळ फाइलवर मी मुद्दाम भर देतो. मेल कुठून कसा आला याची सगळी नोंद तीत असते. फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये ती पुसली जाते. लोक नेमकं हेच करतात: मेल कुणाला तरी फॉरवर्ड करतात आणि मूळ मेल भीतीने डिलीट करून टाकतात.

तक्रार लिहिताना माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६ क आणि ६६ ड लक्षात असू द्या. दुसऱ्याची डिजिटल ओळख वापरणं आणि कॉम्प्युटरच्या मदतीने दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं, हे दोन्ही गुन्हे आहेत. दोन्हींना ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे.

यानंतर एक सापळा येतोच. 'तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी फी भरा' असा फोन किंवा मेल. कधी तो सायबर पोलिसांच्या, कधी रिझर्व्ह बँकेच्या नावाने येतो. रोखलेली रक्कम पोलीस आणि बँकेमार्फत, गरज असेल तिथे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळते. त्यासाठी फोनवर कुणालाही फी द्यायची नसते.

११. बँकेकडे पाठपुरावा

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातलं मूळ तत्त्व समजून घ्या. दोष तुमचाही नाही आणि बँकेचाही नाही, मध्येच कुणीतरी घोळ केला आहे, आणि तुम्ही बँकेकडून सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर बोजा येत नाही. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तो ठरावीक मर्यादेपर्यंतच येतो. ओटीपी किंवा पासवर्ड तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून 'आता गेलेच आहेत, कळवून काय होणार' असं म्हणून बसू नका. कळवल्याची वेळ कागदावर आली पाहिजे.

शाखेत लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज बँकेच्या तक्रारीच्या मेलवर पाठवा. त्यावर वेळ आपोआप पडते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पत्ता 'सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन'. फॉर्म भरताना अडलं तर १४४४८ वर विचारता येतं. फी नाही, वकीलही लागत नाही. बँकेला दिलेल्या अर्जाची प्रत मात्र तिथे लागते आणि १९३० चा तक्रार क्रमांकही हाताशी असावा, म्हणून या दोन्हींचे फोटो आधीच काढून ठेवा.